ताईची कवळी, माझी दाढ

२ जानेवारी, सकाळ
डावी दाढ पुन्हा ठणकते आहे. संकल्प : या महिन्यात काढायची म्हणजे काढायची. लॅबमध्ये बसून जगाच्या कवळ्या घडवायच्या आणि आपल्या तोंडात कीड पाळायची, हे शोभत नाही. माणसाने स्वतःकडेही पाहिलं पाहिजे. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली.

६ जानेवारी
अपॉइंटमेंट रद्द. ताईला दोनदा शिंक आली. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या थोरल्या बहिणीला शिंकत टाकून जाणारा भाऊ मी नव्हे. शिवाय दुपारी भरवणार कोण? ताई म्हणाली, जाऊन ये, मी जेवेन माझी. हसू आलं. उजवा हात उचलवत नाही आणि म्हणे माझी मी.

११ जानेवारी
ताईने कवळी मागितली. मीच केलेली. दातांच्या रंगाची शेड अशी जुळली होती की मालकांनी लॅबभर फिरवून दाखवली. पण हिरड्यांना लागेल, म्हणून कपाटावर वाटीत पाण्यात ठेवली आहे. समजावलं, सगळं मिक्सरमधून काढून द्यायला मी असताना तुला चावायची गरज काय? तिने तोंड भिंतीकडे वळवलं. पटलं असावं.

१९ जानेवारी
लवंग धरली. अपॉइंटमेंट पुन्हा पुढे ढकलली. दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली, काका, घाबरता का? मी! माझ्या हाताखालून हजारो दात गेले. ते बसवायचे होते, उपटायचे नव्हते, हा फरक तिला काय कळणार? घरासाठी चंदनासारखं झिजणाऱ्याची लोक अशीच चेष्टा करतात.

२५ जानेवारी
भाची आली. म्हणाली, मामा, आईला आठवडाभर शुश्रूषा केंद्रात ठेवते, तू दाढ काढून घे, झोप काढ. कल्पना ताईचीच म्हणे. बिचारी. माझ्यासाठी मन मारून चालली आहे. केंद्रातल्या नर्सला फोनवर सगळं समजावलं : चमचा डावीकडून, घास लहान. निघताना ताईने कवळी मागून घेतली. माझी आठवण म्हणून असेल.

२७ जानेवारी, दुपार
घर मोकळं. आजपासून स्वतःसाठी जगायचं. मिक्सर धुतला. पुसला. पुन्हा धुतला. दाढ उद्या.

३० जानेवारी
केंद्रात गेलो. म्हटलं, माझ्यावाचून अन्न गोड लागत नसेल.

दारातच थांबलो. ताई टेबलाशी बसून शेजारणीशी हसत होती आणि डाव्या हाताने सफरचंदाची फोड उचलून करकर चावत होती. कवळी जराही हलत नव्हती. काम उत्तम झालंय. मला पाहून तिने फोड खाली ठेवली, चोरी पकडल्यासारखी. ते फार लागलं.

विचारलं, डाव्या हाताने कधीपासून जेवतेस? म्हणाली, जमतं बऱ्याच दिवसांपासून. मग घरी का नाही? आधी तिने मला शेजारची खुर्ची दाखवली. मग म्हणाली, तू लॅबमधून धावत यायचास, भरवताना तुझा चेहरा खुलायचा. तुझ्याकडे दुसरं होतं काय? तेवढंही कसं काढून घेऊ?

म्हणजे इतके दिवस मी तिला सांभाळत होतो, की ती मला?

निघताना हात धरून म्हणाली, रागावू नकोस, पण आता चावून खावंसं वाटतं रे. मी इथेच राहते.

बसमध्ये रडू आलं. दाढेमुळे.

४ फेब्रुवारी
दाढ काढली. दोन मिनिटांचं काम. कळलंसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या बाईने विचारलं, सोबत कोण आहे? म्हटलं, बहीण आहे, बाहेर बसली आहे.

डॉक्टर म्हणाले, आज मऊ खायचं आणि बोलायचं नाही. मऊ जेवण मला छान करता येतं. आणि बोलायचं नाही हे पथ्य, घरी आल्यापासून आपोआप पाळलं जातंय.