शांत माणसाची छाती

४ मार्च

आज बाजारात पुन्हा तमाशा! आमच्या बायकोने, स्माराग्दाने, मासेवाल्याला भर चौकात झाडला. "डोळे बघ याचे! हा मासा गेल्या आठवड्यात वारलाय!" तो ओरडतोय, ही ओरडतेय. अख्ख्या व्होलोस बंदराने ऐकलं असेल. मी बाजूला. शांत. जन्मभर शाळेत गणित शिकवलंय — भावना म्हणजे फळ्यावरचा कचरा. आधी पुसायचा, मग उत्तर काढायचं. ती पुढे गेल्यावर तोच मासा घेतला. भांडण झालं की दुकानदार पडत्या भावात देतो. साधा तर्क!

५ मार्च

दिवसभर संडासात. तर्क बरोबर होता. मासा चुकला.

९ मार्च

जेवताना छातीत कळ आली. डावा हात जड. मी लगेच ओळखलं — ही भीती! डोळे मिटले, दीर्घ श्वास सुरू केला. समोर मेहुणा बसला होता, स्ताथिस. त्याला म्हटलं, "शीक जरा. मनावर ताबा असा ठेवतात."

"दाजी, तुम्ही पांढरेफटक पडलात."

मी त्याला कारणं समजावत होतो — वय, हवा, तो मासा — तेवढ्यात स्माराग्दा स्वयंपाकघरातून आली. एकदाच बघितलं आणि किंचाळली! "कारणं मागनं सांग, मेल्या! स्ताथी, गाडी काढ!" अनवाणी मला गाडीत कोंबलं. मोजे तरी घालू द्यायचे.

१२ मार्च

इस्पितळ. हृदयाची एक नळी तुंबली होती, मोकळी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्गिरिस सर, आणखी थोडा वेळ शांत राहिला असतात, तर कायमचे शांत झाला असतात. बायकोचे पाय धरा."

इतकी शिकलेली बाई, पण भावनाप्रधान.

१९ मार्च

घरी आलो. शेजारी भेटायला आले. सगळ्यांना सांगितलं — श्वासामुळे वाचलो. हिच्या किंकाळीने उलट हृदयावर ताण आला! खूप हसले सगळे. स्माराग्दा कॉफी देत होती. ती हसली नाही.

२४ मार्च

गोळ्या बंद केल्या. दुखत नाही, तर औषध कशाला? स्माराग्दा तळहातावर गोळी घेऊन दारात उभी. रडली, ओरडली, शिव्या दिल्या. "तुझ्यासाठी नको घेऊस. माझ्यासाठी घे रे!"

मी म्हटलं, "तू शांत झालीस की बोलू."

२८ मार्च

स्माराग्दा शांत झाली. बॅग भरली. आवाज न चढवता म्हणाली, "मी नीट विचार केलाय, अर्गिरी. तुला मरताना मला बघवणार नाही. स्ताथिसकडे राहीन." दारही हळूच लावलं.

मुद्दा मांडायला मी गॅलरीत गेलो. तोंडातून नुसतं तिचं नाव निघालं. पुन्हा. पुन्हा. घसा फुटेपर्यंत. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

ती वळली नाही.