चौकटीबाहेरचा घास

४ मार्च, नाम दिन्ह, व्हिएतनाम

दिवंगतांचे फोटो घासूनपुसून देणाऱ्या माझ्या भावंडांनो, ही वही तुमच्यासाठी. आपलं दुखणं एकच आहे. घराघरांत पितरांच्या चौरंगावर आपण घडवलेला चेहरा असतो, त्याला लोक हात जोडतात, पण आपलं नाव कुणाला ठाऊक नसतं. चेहरा बिघडला की मात्र बोट आपल्याकडे! म्हणून ठरवलंय, नव्या दुकानातलं सगळं लिहून ठेवायचं.

आज मात्र तक्रार नाही. दुकान हवेशीर आहे, मागे कालवा, समोर फो, म्हणजे शेवयांचं सूप, विकणारी. मालक खिएमकाका हसतमुख. माझ्या शेजारी बसणारी कारागीर न्गातताई इथं पंधरा वर्षं आहे. मी पोचताच तिने सुपाचा वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाली, आधी गिळ, मग मेलेल्यांना हात लाव. उपाशी बाईच्या हातून म्हातारे रागीट उतरतात. मी दोन वाडगे रिचवले.

६ मार्च

लोक असेल तो फोटो आणतात, लग्नातला नाहीतर नववर्षाचा. गेलेला माणूस चौकटीत घ्यायचा, अंगात काळा डगला घालायचा, मागे निळा रंग भरायचा. शेजारचे जिवंत लोक चौकटीबाहेर. जिवंताला पितरांत बसवू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण काका बाहेरचा भाग कापू देत नाहीत. संगणकावर नुसती चौकट आवळायची, मूळ फोटोचा थर, म्हणजे लेयर, खाली तसाच ठेवायचा. त्यांचं म्हणणं, उद्या गिऱ्हाईक येऊन म्हणालं की डगला नको, कोट घाला, तर? मी म्हटलं, मग जिवंत माणूस फाईलमध्ये राहतोच की. काका हसले. अगं लुआ, दिसतंय का काही? नाही ना? मग नाहीच!

त्याच रीतीने संध्याकाळी माझ्या वडिलांचा फोटो केला. मूळ फोटोत त्यांच्या डावीकडे मी आहे, खांद्याला खांदा लावून. फाईल क्रमांक ६१४. छापून खोलीतल्या चौरंगावर ठेवला. वडील प्रसन्न दिसतात.

११ मार्च

काल प्रतिपदा, घरोघर नैवेद्य. आज होआनमावशी महिन्यापूर्वी इथंच करून नेलेला नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. काचेच्या आत कडेकडेने पिवळी चरबी पाझरली होती, खवट वासाची. त्यात कोंबडीच्या कातडीचा तुकडा चिकटलेला. न्गातताई म्हणाली, मावशी, कोंबडी खाऊन हात फोटोलाच पुसलेत वाटतं! मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, कोंबडी कुठली गं, महिना झाला, घास घशाखाली उतरत नाही. भात राखेसारखा लागतो.

१२ मार्च

काका जेवायला गेले तेव्हा मावशींची फाईल उघडली आणि चौकट रुंद केली.

नवऱ्याच्या शेजारी मावशी होत्याच. पाकिटातल्या मूळ फोटोत त्या ओठ मिटून हसत होत्या. इथे तोंड गच्च भरलं होतं. ओठांतून कोंबडीची पांढरी कातडी लोंबत होती, हनुवटीवरून चरबी ओघळत होती, चिकट भाताला केसांसारखी बुरशी, जिभेवर उदबत्तीची राख. मी नजर वळवून परत पाहिलं, तर कातडी आखूड झाली होती. चावत होती ती!

मोरीत जाऊन ओकले. मग कळलं. चौरंगावर जे ठेवतात ते चित्रातल्या प्रत्येकाला पोचतं. आणि पितरांच्या पानावर जो जेवला, त्याला जिवंतांचं अन्न चालत नाही.

चौकटीबाहेरचं सगळं निवडलं, डिलीट केलं. एक गाल जळूसारखा कडेला चिकटून राहिला. पुन्हा डिलीट. गेला. सेव्ह केलं.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. तीन वाडगे पेज प्यायल्या.

१५ मार्च

काकांना सांगितलं. म्हणाले, संगणकाला रोग झालाय आणि तुला वेड लागलंय; एक जरी फाईल कापलीस तर बोचकं बांध. मी म्हटलं, दिसत नाही म्हणून नाही, हे तुमचं शास्त्र माणसं उपाशी मारतंय. आठशे चाळीस फाईली, प्रत्येकीत कुणीतरी जिवंत. शपथ घेतली आहे: सगळ्यांच्या साफ करीन, माझी शेवटी. जो आधी स्वतःला सोडवतो, त्याला दुसऱ्यांपुढे बोलायचा हक्क नाही.

न्गातताई म्हणाली, भाषण पुरे, बये, आधी तुझी कर. तुझा वाडगा रोज अर्धा परत जातोय.

२१ मार्च

तीनशे बारा झाल्या. काका जेवायला गेले की करते. कीबोर्ड तेलकट होतो. पुसला तरी होतो. एका फाईलमध्ये तिघे जण एकाच ताटात तोंड घालून. एकात नुसते दात. भाताकडे बघवत नाही.

२४ मार्च

आज पौर्णिमा. नैवेद्य दाखवू नये, हे मला कळतं. पण वडिलांना उपाशी कसं ठेवू? कोंबडी उकडली, ठेवली. पाठ फिरवून उभी राहिले — मागून मचमच — वडिलांना कधीच असं खाताना ऐकलं नव्हतं.

२६ मार्च

शपथ गेली खड्ड्यात. ६१४ उघडली. मीच आहे. गाल फुगलेले, कोपरापर्यंत चरबी. माझ्याकडे बघत नाही — बघायला सवड नाही. डिलीटवर बोट ठेवलं. किळस यायला हवी होती.

तोंडाला पाणी सुटलं.

२७ मार्च

पाच वेळा बसले. पाच वेळा हात मागे. वास — आता खवट नाही. छान आहे. न्गातताई गावाला गेलीय. नाहीतर तिने —

२८ मार्च

भावंडांनो, मला जमत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी या. खिएमकाकांच्या दुकानात, खिडकीजवळचा संगणक. फाईल ६१४. चौकट रुंद करा. वडिलांच्या डावीकडचं सगळं निवडा, डिलीट करा आणि सेव्ह — सेव्ह विसरू नका. मी शेजारीच असेन, हात धरीन, म्हणेन थोडं राहू दे, एवढा घास — ऐकू नका. दाबा. माझ्या तोंडाकडे बघू नका, नुसतं दा