निळ्या ड्रमातलं पाणी

प्रिय मीनाचे बाबा,

तुम्ही गेल्यापासून मनातच बोलत होते तुमच्याशी. आज कागद घेतला, कारण घरमालक येऊन गेले. "भाभी, आता नळ येणार. ती पावसाच्या पाण्याची टाकी तोडून टाका, जागा अडते," म्हणाले. मी अशी ओरडले की बिचारे आल्या पावली परत गेले!

त्यांना काय माहीत, त्या टाकीआधी काय घडलं ते?

धुळ्याहून तुमच्या कंपनीतल्या नोकरीसाठी इथे सामरवरणीला आलो, तेव्हा अख्ख्या चाळीला एकच हातपंप. इथे एवढा पाऊस कोसळतो आणि आपण हंड्यांवरून भांडायचं? तुम्हाला ते खपेना. पत्रा वाकवून तुम्ही वळचणीला पन्हळ ठोकली. भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणलात, सोड्याने घासलात. रात्रीच्या पावसाने तो काठोकाठ भरला, तेव्हा केवढे मिरवलात!

मला मात्र वास येत होता. उग्र, घशाला लागणारा.

"प्लास्टिकचा वास आहे तो," तुम्ही म्हणालात.

"मीनाला मी हे पाजणार नाही."

"मग मीच पिऊन दाखवतो!"

चाळ गोळा झाली. शेजारच्या जसुबेन ओरडल्या, "भाई, नका पिऊ हं!" तुम्ही हट्टाने पेला ओठांशी नेलात. मी हातावर फटका मारला. पेला उडाला. सगळ्यांदेखत! तुम्ही तसेच कंपनीत निघून गेलात.

मी दुपारपर्यंत त्या ड्रमाला पाठ लावून बसले. आपली तीन वर्षांची पोर, कधी ओंजळ घालील याचा काय नेम?

दुपारी परतलात ते पांढरेफटक होऊन. दारातूनच विचारलंत, "मीना प्यायली तर नाही ना?"

"नाही."

तुम्ही लगेच ड्रम लांब नेऊन उपडा केलात आणि कुऱ्हाडीने फोडलात, पुन्हा कुणी भरू नये म्हणून. त्यात आधी काय होतं? कंपनीत कुणी काय सांगितलं? किती विचारलं मी! शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. एवढं एकट्याने का वाहिलंत हो?

पण पुढच्या पावसाआधी तुम्ही सिमेंटची टाकी बांधलीत. पहिल्या सरींचं पाणी सोडून दिलंत, मग टाकीच्या तोंडाला फडकं बांधून ती भरलीत. पहिला पेला माझ्यापुढे धरलात. "आधी तू वास घे," म्हणालात.

टाकी कुणाला तोडू देणार नाही. यंदा पन्हळ मीच झाडीन. शिडीची भीती वाटते मला, तरी चढेन. मीना आता मोठी झाली आहे, ती खाली शिडी धरून उभी राहील.

तुमचीच,
सुनंदा