मुखपृष्ठाबद्दल

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी इथे बरा आहे, जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. बाबांचा गुडघा, भाऊजींची बदली आणि छोटीची परीक्षा यांचं काय झालं ते सविस्तर लिही.

हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवतो आहे. आधीच्या दोन्ही कागदांवर खाडाखोड झाली होती, आणि मला ‘शुद्धलेखनमास्तर’ म्हणणाऱ्या तुला तसला कागद पाठवणं बरं दिसलं नसतं. हे काही खरं कारण नाही, पण राहू दे.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, “पुस्तकाची पहिली प्रत आईच्या फोटोपुढे ठेवणार, मग बाकीच्यांना दाखवणार.” मी “बरं” म्हणालो आणि दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. शेगडीवर काहीच नव्हतं.

पुस्तक खरंच होतंय. मुलांसाठी शरीराच्या आतली चित्रं, बत्तीस पानं, वर माझं नाव. तू शेजारीपाजारी सांगतेस की भाऊ शिकता शिकता पुस्तकंही करतो. ताई, मी शिकत नाही. शिक्षण सोडून अडीच वर्षं झाली. रोगनिदानाच्या विषयात दोनदा नापास झालो आणि नंतर वर्गात गेलोच नाही. तुम्हाला मात्र दर आठवड्याला तासांचं वेळापत्रक सांगत राहिलो.

चित्रकला मला कोणी वेगळी शिकवली नाही. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतच शिकलो. आमच्या बाई पहिल्या दिवसापासून सांगायच्या, “माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा.” एक डोळा सूक्ष्मदर्शकाला, दुसरा कागदावर. छटा द्यायची ती ठिपक्यांनी, पेन्सिल घासायची नाही. मला ते इतकं आवडलं की एका पेशीपायी मी सबंध दुपार घालवायचो. वर्गातली मुलं माझ्या वह्या मागून न्यायची. पण परीक्षेत स्लाइड समोर ठेवून “सांग, निरोगी की रोगट?” असं विचारलं की माझी बोबडी वळायची. एकदा बाई वही चाळत म्हणाल्या, “तू चित्रकार हो रे बाबा. रोग्यांच्या वाटेला जाऊ नकोस.” सगळे हसले. मीही हसलो.

सोडल्यावर चार महिन्यांनी तुझा मेसेज आला. आईच्या गाठीचा तुकडा तपासायला काढला होता. डॉक्टरांना शंका होती, मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासून घ्या असं ते म्हणत होते. आणि आई त्यांना ऐकवून आली होती, “तुम्ही कशाला त्रास घेता? आमच्या घरचा माणूस हेच शिकतोय तिकडे.” तू तिथल्या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या मागे लागून स्लाइडचा फोटो मिळवलास आणि मला पाठवलास. खाली लिहिलं होतंस, ‘साहेब, बघा आणि सांगा.’

मी दोन दिवस तो फोटो बघत होतो. मग मला जे येत होतं तेच केलं, कागद घेतला आणि काढायला बसलो. पेशींची केंद्रकं मोठी होती, गडद, वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर चढलेली. मी ती एकूण एक काढली. तिसऱ्या दिवशी तुला फोन करून सांगितलं, “साधी सूज आहे, तीन महिन्यांनी परत बघू.” मागून आईचा आवाज आला, “बघ, मी म्हटलं नव्हतं? सांग त्या डॉक्टरला, आधी नीट शिकून ये म्हणावं!” तू किती हसलीस.

मला शंका आली नव्हती का? आली होती. पण ‘मला कळत नाही’ म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, “म्हणजे? मग इतके दिवस शिकलास काय?” त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. दुसरं काहीही नाही. तू अजूनही लोकांना सांगतेस की भावाच्या शब्दावर आईचे ते महिने निवांत गेले. तू ते बोलायला लागलीस की मी काहीतरी कारण काढून फोन ठेवतो.

अजून एक राहिलं. ते चित्र चांगलं झालं होतं. फारच चांगलं झालं होतं, ताई. पुढच्याच महिन्यात मी एका प्रकाशनसंस्थेत काम मागायला गेलो तेव्हा सगळ्यांत वर तेच ठेवलं. संपादकबाई म्हणाल्या, “ही काय, फुलं आहेत का?” मी म्हणालो, “तसंच काहीतरी.” त्या चित्रावर मला काम मिळालं. आई तेव्हा धडधाकट होती, फोनवर मला अंगात स्वेटर घाल म्हणून सांगत होती.

आता या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांना तेच चित्र हवं होतं. परवा मी नको म्हणून कळवलं. “वेड लागलंय का तुला? याच्याहून चांगलं तू आजवर काढलेलं नाहीस,” असं त्या म्हणाल्या. ते खरंच आहे. पण ती प्रत तू आईपुढे ठेवली असतीस.

हे बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. पुस्तकही ठेव किंवा ठेवू नकोस. मला एकच विचारायचं आहे. शेवटी तुम्ही मोठ्या रुग्णालयात गेलात तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. बाबा एकदा ओघात बोलून गेले. तू मला ते कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. वेळेवर आणलं असतं तर आई वाचली असती, असं ते डॉक्टर म्हणाले का? हो की नाही एवढंच लिही. मला बरं वाटेल असं उत्तर मात्र देऊ नकोस. तुम्हाला बरं वाटेल असं मी दिलं होतं.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा आणि त्याला भिणारा,
तुझा धाकटा