घरच्यांना मज्जाव

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या कामातून वेळ काढून चार ओळी लिहिल्यास, बरं वाटलं. आता माझी बातमी खाली बसून वाच.

प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. पेशंटचं रक्त लावण्याआधी आम्ही आपापलं रक्त देऊन बघतो. निरोगी माणसाचे आकडे बरोबर येतात का ते कळतं. माझे आकडे बघून मी यंत्रालाच नावं ठेवली. मग बाटल्यांची अदलाबदल झाली म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. पुन्हा रक्त दिलं. आकडे तेच.

माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. वाढलेला रक्तदाब किडनीला आतून कसा पोखरतो, यावरच्या संशोधनात मी अख्खं आयुष्य काढलं. हजारो दंडांना पट्टा बांधला. माझं डोकं दुखायचं, ते जागरणाचं म्हणून सोडून द्यायचे. डॉक्टर म्हणतात, कुणाची तरी किडनी बसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुझ्या बायकोला सांगू नकोस. मिठाने रक्तदाब वाढतो म्हणून तिच्या माहेरच्यांसमोर मी टेबलावरची मीठदाणी उचलून नेली, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझंच हे असं झालेलं तिने ऐकायला नको.

काळजी करू नकोस म्हणणार होते, पण कर. लोभ आहेच, तो यापुढे जरा जास्त लागेल.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खाली बसून वाच म्हणालीस, पण मी उभ्यानेच वाचलं. बायकोने पत्र हातातून काढून घेतलं, तेव्हा लपवायचं राहूनच गेलं. मग ती बराच वेळ भांडी घासत होती.

मला फार विचार करावा लागला नाही. माझ्याकडे दोन आहेत, एक तुझी. तुझ्या पहिल्या अभ्यासाच्या वेळी मी बाही वर करून रांगेत उभा होतो आणि तू मला हाकलून दिलंस. संशोधकाच्या घरच्यांना घ्यायचं नाही, असा तुमचा नियम. पुढे प्रत्येक अभ्यासात तेच. आता कुठला नियम काढतेस बघू. लिफ्ट बंद पडली की वीस मजले जिन्याने चढणारा माणूस आहे मी, माल पक्का आहे. सोमवारी तपासणीला येतो. रडत बसू नकोस, मला ते बघवत नाही.

आशीर्वाद तेवढा असू दे, बाकी मी बघतो.

तुझा,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला, म्हणून लिहिते.

सोनोग्राफीवाल्या बाईंनी तुला पुन्हा पुन्हा कुशीवर वळवलं आणि तू त्यांची थट्टा केलीस. त्या डावी किडनी शोधत होत्या. ती नाहीच. तुला जन्मापासून एकच आहे. आणि त्या एकटीवर तुझा रक्तदाब इतका, की आकडा मी तीनदा तपासून घेतला.

नियम बरोबरच होता रे. अभ्यासात घ्यायचं नव्हतं, पण नुसतं तपासायला मला कुणी अडवलं होतं? माझ्या आजारापेक्षा हा धक्का मोठा आहे. दोन दिवस कामावर गेले नाही.

तुझी किडनी मला नको. गोळ्यांची चिठ्ठी सोबत आहे, एकही दिवस चुकवू नकोस. मी आहे तोवर तुझ्याकडे लक्ष ठेवीन. पुढे कोण ठेवील, याचा विचार करवत नाही.

आता तरी ऐक, एवढंच मागते.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्ही चकित व्हाल. मीही झाले आहे.

तुमचं पत्र यांनी चार दिवस खिशात दडवलं. कळलं तेव्हा मी चिठ्ठी घेऊन तडक गोळ्या आणल्या. गोळी मी समोर उभी राहून घ्यायला लावते. हे हसतात आणि म्हणतात, ताई असताना मला काही होत नाही.

यांना न सांगता मी तपासण्या करून घेतल्या. तुमचा-माझा रक्तगट जुळतो, दोन्ही किडन्या जागेवर आहेत, रक्तदाबही ठीक. तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला. काल यांना सांगितलं. तेव्हापासून यांचा चहा दोनदा गार झाला.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, तेव्हा उपकार मानू नका. यांच्याकडे एकच आहे आणि ती कशी सांभाळायची, हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. तुम्ही गेलात तर मी यांना कुणाकडे नेऊ?

शुक्रवारी आम्ही दोघं येतो. आजवर लोभ नव्हता, तो सुरू व्हावा ही विनंती.

तुमची,
भावजय