इंजिनावरचा हात

दि. १२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय वन्सं,

नमस्कार. माझं अक्षर ओळखून कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. अठरा वर्षांनी लिहिते आहे म्हणजे काम असणार, हे तुम्ही ताडलंच असेल. आहेच काम.

आधी खुशाली. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी धक्क्यावरचे बाप्ये मला पाहून सिगारेटी लपवतात. त्यातले निम्मे माझ्याच हातून नापास झालेले. थोरला परगावी असतो, धाकटी तिच्या संसारात आहे. तुमचे भाऊ बोट चालवतात. इंजिन तेच, मामंजींचं. रंग उडालाय, झाकणाला तडा आहे, सुटा भाग हवा तर हे भंगारवाल्याकडे दिवसदिवस बसतात. पण पलीकडच्या तीरावरच्या माणसांची रोज वेळेवर ने-आण होते.

ह्यांना साखर निघाली आहे. सहा वर्षं झाली.

हे मला आधी लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नव्या इंजिनांना मागून पाण्याची बारीक धार पडते. धार दिसली की समजायचं, आत पाणी फिरतं आहे, इंजिन तापणार नाही. आपल्या इंजिनाला ती सोय नाही, हे मी तुम्हाला काय सांगू? मामंजींची रीत एकच. नदीचं निम्मं पात्र ओलांडलं की इंजिनाच्या डोक्यावर तळवा टेकायचा आणि पाच मोजायचे. पाचापर्यंत हात टिकला तर पुढे चला. तिनाला काढावा लागला तर बंद करा, खाली काय अडकलंय ते बघा. त्यांनी हे दोनच हातांना शिकवलं, ह्यांच्या आणि तुमच्या.

गेल्या महिन्यात पलीकडच्या दवाखान्यातली नर्स बोटीत होती. ह्यांनी हात टेकला, सावकाश पाच मोजले आणि ठीक आहे म्हणाले. हात मात्र तिथेच ठेवून पलीकडच्या माणसाशी गप्पा मारत बसले. नर्सला जळका वास आला. तिला वाटलं रंग तापला असेल. मग तिने ह्यांचं मनगट धरून खेचलं. तळव्यावर रुपयाएवढे दोन फोड उठले होते आणि ह्यांना पत्ता नव्हता. इंजिनाला पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली होती. आणखी थोडं चाललं असतं तर इंजिन कायमचं जाम झालं असतं, आणि बोटीत नऊ माणसं होती. वल्ही मारत परत आले. घरी हात खिशात घालून बसले. जेवायला चमचा मागितला तेव्हा मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, हातातली जाण वर्षभरापूर्वीच गेली असावी. वर्षभर हा माणूस नुसते आकडे मोजत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बोटीत बसते. हात माझा. ह्यांचं म्हणणं असं, की जन्मभर दुसऱ्यांच्या हातावर पट्ट्या मारल्यास, आता भोग. भोगते. पण माझा हात खडूचा, दोनालाच चटका बसतो. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा विनाकारण मधोमध इंजिन बंद करायला लावलं. आता लोक मला पाहिलं की आपणहून वल्ही हातात घेतात.

म्हणून मी तापमान दाखवणारा काटा मागवला. त्याची तांब्याची चकती स्पार्क प्लगखाली बसते, तिथून वायर निघते आणि सुकाणूजवळच्या डबीत काटा हलतो. बसवला, चालतो. प्रश्न असा, की कुठल्या आकड्याला घाबरायचं? सोबतच्या कागदावर नव्या इंजिनांचे आकडे आहेत. मेकॅनिक म्हणाला, "बाई, ह्या वयाच्या इंजिनाचं मला विचारू नका. ते ओळखणारा हात आणा. हात निघेल त्या आकड्यावर रेघ मारा."

असा हात आता एकच उरला आहे.

मी इथवर लिहून उठले, भांडी घासली, धुतलेलीच होती. आता लिहिते.

मामंजी जायच्या चार दिवस आधी तुम्ही औषधं आणायला गेला होतात. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "इंजिन पोरीला. तिचा हात ह्याच्यापेक्षा शहाणा आहे. तू शिक्षिका आहेस, नीट सांगशील." त्या महिन्यात ह्यांची गिरणी बंद झाली होती. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत. दोन्ही मुलं शाळेत. मी सांगितलं नाही, इंजिन ह्यांच्याकडेच राहिलं. पुढे तुम्ही मला स्वयंपाकघरात विचारलंत, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? मी नाही म्हणाले. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही बॅग उचललीत. बापाला माझा भरवसा वाटला नाही, एवढं एकच वाक्य बोलून गेलात. ते मी अडवू शकले असते. दारातच उभी होते.

ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. परवा दुपारी सांगितलं. मला वाटलं आता घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी गेले असते. हे म्हणाले, "तिला लिही. मला राग आलाय तोही लिही. पण आधी हे लिही, की बाबा बरोबर होते."

तेव्हा लिहिते. बाबा बरोबर होते.

माझी विनंती अर्ध्या दिवसाची आहे. या, हात टेकवा, मी काटा वाचेन आणि लाल रंगाने रेघ मारेन. त्यानंतर इंजिन घेऊन जायचं असेल तर घेऊन जा. ह्यांचं म्हणणंही तेच आहे. इथेच ठेवून स्वतः चालवायचं असेल तर वरची खोली मी झाडून ठेवली आहे. माझ्याशी बोललं पाहिजे अशी कुठलीच अट नाही. क्षमा मागायला मी समोर उभी राहीन, पत्रात मागून मोकळी होणार नाही.

नकार असला तरी दोन ओळी लिहा. गप्प बसण्याची मुभा तुमची आहे, पण ती मी एकटीने अठरा वर्षं वापरली, आणि ती माणसाचं काय करते ते मला ठाऊक आहे.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी