गाजराच्या आकाराचा केक

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, चालवून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला की त्यांना सवय झाली? इकडे बेकरीची भट्टी पेटते आहे, मीही पेटलेलाच असतो, एकूण बरं चाललं आहे. फक्त तुझी भाची जेवत नाही. पत्रास कारण तेवढंच.

त्याचं असं झालं, तिच्या शाळेने आरोग्य मनावर घेतलं. मधल्या सुट्टीत बाई डबे उघडून बघतात. पांढरा पाव, केक, बिस्किट दिसलं की डबा जप्त आणि हातावर सफरचंदाची एक फोड. आता बेकरीवाल्याच्या घरून डब्यात दुसरं काय जाणार, कायद्याची पुस्तकं? तरी मी शहाण्यासारखा गव्हाचा पाव भाजून दिला. तो रंगाने काळपट, म्हणून करपलेला ठरवून जप्त केला. शाळेत गेलो तर मोठ्या बाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो, तुमचा माल छानच असतो, आम्ही रोज मागवतो." खरं आहे. शिक्षकांच्या खोलीतल्या चहाबरोबर माझीच बिस्किटं असतात. (जप्तीचा मालही तिथेच जातो असं शिपाई सांगतो, आणि त्याचं पोट बघता माहिती आतल्या गोटातली असावी.)

मग शाळेला 'निरोगी शाळा' म्हणून बक्षीस मिळालं. समारंभ म्हटला की केक आलाच, पण गाजराच्या आकाराचा हवा असा निरोप आला. केला. वर हिरव्या साखरेचा पालासुद्धा काढला. पाहुण्यांनी गाजर कापलं, साखरेच्या दुष्परिणामांवर भाषण केलं आणि जाताना गाजराचा शेंडा घरी बांधून नेला. मुलांकडे टाळ्यांचं काम होतं.

तिथेच भिंतीवर मुलांची चित्रं होती, 'आरोग्याचे शत्रू' या विषयावर. बाकीच्यांनी माश्या काढल्या, तुंबलेली गटारं काढली. आपल्या बाईसाहेबांनी भट्टी काढली आणि भट्टीपुढे पांढऱ्या टोपीतला माणूस. मिशी हुबेहूब, अक्का. पहिला नंबर आला. बक्षीस बिस्किटांचा पुडा, आपल्याच दुकानातला. तिने तो अजून फोडलेला नाही.

त्या दिवसापासून ती माझ्या हातचं काही खात नाही. भात नाही, भाजी नाही. तिची आई गेल्यापासून घरात दुसरा हात कुठला आहे? रुसवाही नाही. "नको बाबा, भूक नाहीये," म्हणते, तेही मला वाईट वाटू नये अशा बेताने. परवा शाळेच्याच डॉक्टरांनी तिचं वजन करून सांगितलं, मुलगी खंगली आहे, लोणी-साखर चालू करा. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "डॉक्टरांना नियम माहीत नसेल."

भावोजींना नमस्कार. कंबर शेकत जा.

तुझा धाकटा

ता. क. शाळेकडे तुझा वशिला लावावा म्हणून हे लिहिलं असं समजू नकोस. शाळा गेली खड्ड्यात. तिला सुट्टीभर तुझ्याकडे ठेवून घे. तुझ्या हातचं खाईल.

आणखी एक. तुमच्याकडे माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर रोज सकाळी पाव पाठवीन. कागदावर दुकानाचं नाव नसेल. तिने विचारलं तर तूच भाजलास म्हणून सांग. आणि तिने खाल्ला का, तेवढं टेम्पोवाल्याजवळ कळवत जा.